घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काय बदलतं, काय बदलत नाही?

आधी भाकरीचा घास अडतो. मग भाकरी दुधात कुस्करून खाल्ली जाते. काही आठवड्यांनी मऊ भातही पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलावा लागतो. घरात कुणीतरी म्हणतं, पित्त झालंय. मेडिकलमधून गोळ्या येतात आणि महिना-दोन महिने निघून जातात. अन्ननलिकेच्या कर्करोगाचं निदान बऱ्याचदा अशा रस्त्याने होतं.

वसई-विरारमध्ये हा रस्ता आणखी लांब होतो. २००९ मध्ये महापालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वाबारा लाखांच्या घरात होती आणि त्यानंतर ती वाढतच गेली. पण कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया म्हटलं की नायगाव, वसई, नालासोपारा, विरारचे लोक आजही मुंबईकडे बघतात. विरार ते दादर हे लोकलचं अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे.

दरम्यान ‘छोट्या छिद्रांतून कर्करोगाची शस्त्रक्रिया’, ‘रोबोटने ऑपरेशन, चार दिवसांत घरी’ अशा जाहिराती मोबाइलवर दिसू लागल्या आहेत. या शस्त्रक्रियेचा फायदा खरा आहे. पण तो सगळ्यांना सारखा मिळत नाही. तो कुणाला मिळतो आणि कशावर ठरतो, हे समजून घेऊ.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या शस्त्रक्रियेत डॉक्टर मोठा छेद देऊन हाताने आतपर्यंत पोहोचतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत साधारण ५ ते १२ मिलिमीटरची काही छिद्रं पाडतात. एका छिद्रातून कॅमेरा आत जातो, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारं. डॉक्टर पडद्यावर बघून काम करतात.

या पद्धतीची भारतातली सुरुवात मुंबईतच झाली. १९९० मध्ये डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढलं. पित्ताशयाच्या खड्यांसाठी आज ही पद्धत सर्रास वापरली जाते. पण पित्ताशय काढणं आणि छातीतून अन्ननलिका काढणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगात ‘कमीत कमी चिरफाड’ तीन प्रकारांनी होते. पहिल्या प्रकारात छातीत आणि पोटात छिद्रं पाडून अन्ननलिका काढतात. दुसऱ्यात बाहेरून छेद न देता तोंडावाटे लेझर किंवा रोबोटने घशातली गाठ काढतात. तिसऱ्यात एन्डोस्कोपीच्या नळीतूनच अन्ननलिकेच्या आतल्या थरातला रोग सोलून काढतात. हा तिसरा प्रकार सर्वांत सौम्य आहे. पण रोग अगदी वरच्या थरात असेल तरच तो चालतो. जपानमधल्या डॉक्टरांनी हे तंत्र विकसित केलं.

अन्ननलिकेचं ऑपरेशन इतकं मोठं का असतं?

अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांबीची नळी आहे. ती मानेत सुरू होते, छातीत श्वासनलिका आणि हृदयाच्या मागून, पाठीच्या कण्याला लागून खाली जाते आणि पोटात जठराला मिळते. म्हणजे ती शरीराच्या तीन भागांतून जाते. रोगट भाग काढायचा तर बहुतेक वेळा छाती, पोट आणि कधी मान अशा दोन किंवा तिन्ही ठिकाणी काम करावं लागतं. आजूबाजूच्या लसिका ग्रंथीही काढाव्या लागतात.

मग काढलेल्या नळीच्या जागी काय बसवायचं? जठरालाच अरुंद नळीचा आकार देऊन ते छातीतून वर खेचतात आणि अन्ननलिकेच्या उरलेल्या टोकाला जोडतात. या जोडणीतून गळती होणं हा या शस्त्रक्रियेतला एक मोठा धोका आहे. दुसरा धोका आवाजाच्या नसेला इजा होण्याचा. तिसरा, आणि फार महत्त्वाचा, न्यूमोनियाचा.

न्यूमोनिया का होतो? उघड्या शस्त्रक्रियेत फासळ्यांमधून छाती उघडतात. त्यानंतर श्वास घेताना, खोकताना प्रचंड दुखतं. रुग्ण दुखतं म्हणून खोकत नाही. कफ आत साचतो आणि फुप्फुसाला संसर्ग होतो. यातले बरेच रुग्ण वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढलेले असतात. म्हणजे फुप्फुसं आधीच कमजोर झालेली असतात.

मग दुर्बिणीमुळे काय बदललं?

मुख्य फरक पडला तो फुप्फुसांच्या बाबतीत. नेदरलँड्स, स्पेन आणि इटलीतल्या पाच रुग्णालयांनी ११५ रुग्णांवर केलेली चाचणी २०१२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. उघडी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २९ टक्के रुग्णांना पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग झाला. दुर्बिणीने शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये हे प्रमाण ९ टक्के होतं.

फ्रान्समधल्या २०७ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. तिथे पोटातलं काम दुर्बिणीने आणि छातीतलं उघड्या पद्धतीने केलं होतं. एवढ्यानेही मोठ्या गुंतागुंतीचं प्रमाण ६४ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर आलं.

यात भारतीय डॉक्टरांचा वाटाही मोठा आहे. कोइम्बतूरचे डॉ. सी. पलानिवेलू यांनी रुग्णाला पालथं झोपवून छातीतलं काम दुर्बिणीने करण्याच्या पद्धतीचा १३० रुग्णांवरचा अनुभव २००६ मध्ये मांडला. रुग्ण पालथा असला की फुप्फुस आपल्या वजनाने बाजूला सरकतं आणि अन्ननलिका समोर दिसते. पुण्याचे डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी रुग्णाला कुशीवर ठेवून केलेल्या ११२ दुर्बीण शस्त्रक्रियांचा अनुभव २०१० मध्ये प्रसिद्ध केला. हे तंत्र महाराष्ट्रात नवं नाही.

पण ‘चार दिवसांत घरी’ हे वाक्य अन्ननलिकेच्या बाबतीत जपून वाचावं. बाहेरची छिद्रं लहान असली तरी आतलं काम तेवढंच मोठं असतं. जोडणी भरून यायला वेळ लागतो. अनेकदा काही आठवडे पोटातल्या नळीवाटे आहार द्यावा लागतो. त्यानंतरही थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खाण्याची सवय लावून घ्यावी लागते.

दुर्बिणीने रुग्ण जास्त जगतो का?

दुर्बिणीमुळे रुग्ण लवकर सावरतो. पण फक्त दुर्बीण वापरली म्हणून तो जास्त जगतो, असं सरसकट म्हणता येत नाही. युरोपातल्या त्याच ११५ रुग्णांच्या तीन वर्षांच्या पाठपुराव्यात दोन्ही गटांतल्या आयुष्यमानात ठोस फरक आढळला नाही. याचा चांगला अर्थ असा की, लहान छिद्रांमुळे रोग मागे राहिला नाही.

आयुष्य वाढवणारा मोठा फरक वेगळ्याच गोष्टीने पडला. शस्त्रक्रियेच्या आधी केमोथेरपी आणि किरणोपचार दिले तर काय होतं, हे तपासणाऱ्या नेदरलँड्समधल्या ‘क्रॉस’ चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. फक्त शस्त्रक्रिया झालेल्या गटातले निम्मे रुग्ण २४ महिन्यांपर्यंत जगले. आधी उपचार घेऊन मग शस्त्रक्रिया झालेल्या गटात हा आकडा सुमारे ४९ महिन्यांचा होता. भारतात जास्त आढळणाऱ्या ‘स्क्वॅमस’ प्रकारात फायदा आणखी ठळक होता.

दुसरीकडे, लहान छेद म्हणजे नेहमीच चांगला, असंही नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात २०१८ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत दुर्बिणीने शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांमध्ये रोग परत येण्याचं प्रमाण जास्त निघालं. तेव्हापासून जगभरच्या डॉक्टरांनी ती पद्धत आवरती घेतली. म्हणून एका अवयवाचा पुरावा दुसऱ्याला लावता येत नाही.

घशाच्या कर्करोगात काय होतं?

घशाच्या बाबतीत प्रश्न फक्त जिवाचा नसतो, आवाजाचा आणि गिळण्याचाही असतो. स्वरयंत्रातली गाठ खूप वाढली तर अख्खं स्वरयंत्र काढावं लागतं. मग रुग्णाला मानेला पाडलेल्या कायमच्या छिद्रातून श्वास घ्यावा लागतो आणि नैसर्गिक आवाज जातो. रिक्षाचालक, भाजीविक्रेता, शिक्षक यांच्यासाठी याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको.

तीच गाठ स्वरतंतूवर लहान असतानाच सापडली तर तोंडावाटे लेझरने काढता येते किंवा फक्त किरणोपचारांनी बरी होऊ शकते. या टप्प्यावर दहापैकी साधारण नऊ जणांचा रोग आटोक्यात येतो आणि स्वरयंत्र शाबूत राहतं.

जिभेचा मागचा भाग किंवा टॉन्सिल इथल्या गाठी पूर्वी जबडा चिरून काढाव्या लागत. तिथे रोबोटचा उपयोग होतो. रोबोटचे हात तोंडातून आत जातात आणि कोपऱ्यातल्या जागी वळू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००९ मध्ये याला मंजुरी दिली, तीही सुरुवातीच्या टप्प्यातल्या गाठींसाठी.

पण इथेही किरणोपचार हा तोडीस तोड पर्याय आहे. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात ६१ रुग्णांवर झालेली एक चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण तोंडावाटे शस्त्रक्रिया झालेल्या गटात उपचाराशी संबंधित दोन मृत्यू झाले. बाहेरून टाका दिसत नाही म्हणून शस्त्रक्रिया किरकोळ ठरत नाही.

आणि स्वरयंत्र काढावंच लागलं तर? तरी बोलण्याचे मार्ग संपत नाहीत. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक छोटी झडप बसवून पुन्हा बोलता येतं. बंगळुरूचे डॉ. विशाल राव यांनी ‘ओम’ नावाची अशी झडप तयार केली. परदेशी झडपेला हजारो रुपये मोजावे लागत असताना त्यांनी ती सुमारे ५० रुपयांत उपलब्ध केली होती.

रोबोटच हवा का?

रोबोट स्वतःहून शस्त्रक्रिया करत नाही. बाजूच्या आसनावर बसलेले डॉक्टर तो चालवतात. त्याची हत्यारं मनगटासारखी वळतात आणि चित्र त्रिमितीय दिसतं. अरुंद जागी हा मोठा फायदा आहे.

पण साध्या दुर्बिणीपेक्षा रोबोटने रुग्णाचं कितपत भलं होतं? चीनमध्ये अन्ननलिकेच्या ३६२ रुग्णांवर झालेल्या तुलनेत रोबोटने शस्त्रक्रियेचा वेळ वाचला, पण एकूण गुंतागुंतीत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे निष्णात टीमने साध्या दुर्बिणीने केलेली शस्त्रक्रिया कमी दर्जाची नसते. रोबोट परवडत नाही म्हणून उपचार लांबवणं हे मात्र नक्कीच महागात पडतं.

यंत्रापेक्षा रुग्णालयाचा अनुभव जास्त मोलाचा आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, वर्षाला अशा अगदी मोजक्या शस्त्रक्रिया करणारी रुग्णालयं आणि भरपूर करणारी रुग्णालयं यांची तुलना केली होती. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्युदरात दोघांमध्ये पाच टक्क्यांहून जास्त अंतर होतं. गळती झाली, ताप आला, तर ते रात्री दोन वाजता ओळखणारी नर्स आणि अतिदक्षता विभाग तिथे असावा लागतो.

वसई-विरारच्या रुग्णासाठी याचा अर्थ काय?

अन्ननलिकेचं ऑपरेशन प्रत्येक शहरात, प्रत्येक रुग्णालयात व्हायला हवं, असा आग्रह धरणं बरोबर नाही. ते जिथे नेहमी होतं तिथेच जाणं हिताचं. १९४१ पासून परळमध्ये असलेलं टाटा मेमोरियल रुग्णालय किंवा मुंबईतली इतर मोठी केंद्रं गाठावी लागली, तर ऑपरेशनपुरता तो प्रवास योग्यच आहे.

अडचण ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची आहे. ‘क्रॉस’ पद्धतीत किरणोपचाराच्या २३ बैठका असतात. बोलीत आपण याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ देणं म्हणतो. आठवड्यातून पाच दिवस, जवळपास पाच आठवडे. विरारहून दादरला जाऊन-येऊन १०० किलोमीटर धरले तर २३ फेऱ्यांचे २,३०० किलोमीटर होतात. घशाच्या कर्करोगात ३० ते ३५ बैठका लागतात, म्हणजे तीन ते साडेतीन हजार किलोमीटर. घास गिळता येत नसलेल्या, वजन घटलेल्या माणसाने हा प्रवास करायचा. सोबत घरातल्या एकाचा रोजगार बुडतो. जव्हार-मोखाड्याहून येणाऱ्याला तर त्याआधी तासन्‌तास रस्त्याने यावं लागतं.

लोकलच्या दिव्यांगांसाठी राखीव डब्यात कर्करुग्णांनाही प्रवास करता येतो. ही सोय अनेकांना माहीतच नसते. रुग्णालयाची कागदपत्रं जवळ ठेवावीत.

म्हणजे घराजवळ हवं ते तीन गोष्टींसाठी: लवकर निदान, केमोथेरपी-किरणोपचार आणि नंतरची देखभाल. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांमध्ये कर्करोगाची डे-केअर केंद्रं सुरू करण्याची घोषणा झाली. त्यातली २०० केंद्रं २०२५-२६ मध्येच व्हायची होती. डे-केअर केंद्रात केमोथेरपी घेऊन त्याच दिवशी घरी जाता येतं. पण किरणोपचाराच्या रोजच्या फेऱ्या त्याने वाचत नाहीत. त्यासाठी वेगळं यंत्र आणि वेगळा कर्मचारीवर्ग लागतो. पालघरसारख्या जिल्ह्यात कर्करोग उपचारांची कसोटी इथेच लागणार आहे.

निदानासाठी मात्र मुंबई गाठायची गरज नाही. नाक-कान-घसा तज्ज्ञ आणि एन्डोस्कोपी करणारे डॉक्टर वसई-विरार पट्ट्यातही आहेत. एन्डोस्कोपी काही मिनिटांत होते. संशयास्पद जागेचा तुकडा त्याच वेळी बायोप्सीसाठी घेता येतो.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली आहे. राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण देण्याचा निर्णय जून २०२३ मध्ये झाला. योजनेत असलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात. आपलं ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं, दुर्बीण किंवा रोबोटचे वेगळे पैसे पडतील का, हे भरती होण्याआधी त्यांच्याकडून समजून घ्यावं. योजनेचा हेल्पलाइन क्रमांक १५५३८८ आहे.

खासगी आरोग्य विमा असेल तर रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट नाकारता येत नाही. विमा नियामकाने २०१९ मध्येच तसे निर्देश दिले. पण कंपन्या त्यावर रकमेची मर्यादा घालू शकतात. पॉलिसीतली ती ओळ आधी वाचून घ्यावी.

डॉक्टरांना काय विचारावं?

– रोग कोणत्या टप्प्यात आहे आणि तो कोणत्या तपासणीवरून ठरवला?
– ऑपरेशनच्या आधी केमोथेरपी किंवा किरणोपचारांची गरज आहे का?
– घशाची गाठ असेल तर फक्त किरणोपचारांनी भागेल का? आवाज आणि गिळणं यांवर कशाचा काय परिणाम होईल?
– तुमच्या टीमने गेल्या वर्षी अशा किती शस्त्रक्रिया केल्या? किती जणांना गळती किंवा न्यूमोनिया झाला?
– दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच उघड्या पद्धतीने करावं लागलं तर?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘गरज पडली तर करू’ असं आलं, तर घाबरू नये. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी छेद मोठा करणं म्हणजे अपयश नव्हे.

थांबायचं किती दिवस?

‘ग्लोबोकॅन’च्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे सुमारे ७० हजार नवे रुग्ण आढळले. नवे रुग्ण आणि मृत्यू यांच्या आकड्यांत या रोगात फार थोडं अंतर असतं, कारण बहुतेक जण उशिरा येतात. अन्ननलिका लवचीक असते. ती बरीचशी अरुंद झाल्याशिवाय घास अडत नाही. म्हणजे घास अडू लागला तेव्हाच उशीर सुरू झालेला असतो.

तंबाखू, विडी-सिगारेट, दारू आणि सुपारी ही आपल्याकडची मुख्य कारणं. तंबाखू आणि दारू दोन्ही असतील तर धोका कित्येक पटींनी वाढतो. ६५ अंशांपेक्षा जास्त गरम पेयांचाही अन्ननलिकेच्या कर्करोगाशी संबंध असू शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं. महाराष्ट्राने गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी घातली, तरी सुपारी आणि तंबाखू सहज मिळतात.

तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला घोगरेपणा, गिळताना घास अडणं, मानेत न दुखणारी गाठ, एकाच बाजूला दुखणारा कान, कारण नसताना घटणारं वजन. यातलं एकही लक्षण असेल तर पित्ताची गोळी बदलून बघू नये, तपासणी करून घ्यावी. बहुतेकांच्या बाबतीत कारण साधंच निघतं. ज्यांच्या बाबतीत ते निघत नाही, त्यांना छोट्या छिद्रांची शस्त्रक्रिया मिळेल की नाही, हे याच आठवड्यांमध्ये ठरतं. गाठ लहान असतानाच सापडली, तरच छेदही लहान ठेवता येतो.